स्नोमोबाइलसाठी परवडणारं जीपीएस: फोन खिशात ठेवा, वाट यंत्राला दाखवू द्या

(या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये वाचायला आहे, त्यांच्यासाठी.)

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू या.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा मूळचा साताऱ्याचा. सध्या अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, हॉटन गावात एमएस करतोय. तिथे हिवाळ्यात बर्फ इतका पडतो की लोक रस्त्याऐवजी जंगलातून स्नोमोबाइलने हिंडतात. त्याने आणि दोन मित्रांनी मिळून सेकंडहँड स्नोमोबाइल घेतली आहे. प्रश्न त्याच्याच शब्दांत सांगतो: "दादा, गाडीवर लावायला जीपीएस घ्यायचंय. दुकानात सातशे-आठशे डॉलरचं दाखवतायत. आमचं तिघांचं मिळून बजेट अडीचशे. काय घेऊ? की फोनच पुरेल?"

प्रश्न झकास आहे. कारण यात पैसे आहेत, थंडी आहे आणि थोडा जिवाचाही मामला आहे. मी स्वतः डेट्रॉइटजवळ राहतो आणि गेली आठ वर्षं दर हिवाळ्यात दोन-तीनदा मॅकिनॅक पूल ओलांडून वरच्या मिशिगनमध्ये जातो. अजून एक सांगून टाकतो, या भागासाठी मला कुठल्याही कंपनीने एक सेंटसुद्धा दिलेला नाही. त्यामुळे बिनधास्त बोलू या.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. दोनशे डॉलरच्या आत मिळणारं, बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं साधं हँडहेल्ड जीपीएस घ्या. नवं नाही जमलं तर जुनं घ्या. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. आणि आठशे डॉलरवालं यंत्र? ते विसरा. उद्या तेवढे पैसे हातात आले तरी ते आधी दुसऱ्या एका गोष्टीवर घाला. ती गोष्ट कोणती, ते पुढे सांगतो.

आधी जागा समजून घेऊ

आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, नाशकात, पणजीत बसून ऐकताय. तुम्ही स्नोमोबाइल पाहिली असेल तर बहुतेक गुलमर्गला. तिथे चालवणारा माणूस पुढे बसतो, आपण मागे. फेरी मारली, फोटो काढले, संपलं. इथे मामला वेगळा आहे.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि मोटारसायकलसारखं हँडल. आज आपण जी हलकी, एक-दोघांची गाडी ओळखतो, ती कॅनडातल्या क्विबेकमधल्या जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू या नावाने बाजारात आणली. आज कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत या गाड्यांसाठी आखलेल्या वाटांचं जाळं आहे. एकट्या मिनेसोटा राज्यात २२,००० मैलांहून जास्त, म्हणजे ३५,००० किलोमीटरच्या वर! हॉटनमध्ये तर गंमतच आहे. तिथला पोर्टेज लेकवरचा उचलता येणारा पूल हिवाळ्यात अशा उंचीवर ठेवतात की त्याच्या खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल जातात आणि वरून मोटारी.

हॉटनच्या उत्तरेला कीविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे. तीन बाजूंनी लेक सुपीरियर. तलावावरून येणारा वारा वाफ उचलतो आणि जमिनीवर आल्यावर बर्फ करून टाकतो. तिथे हमरस्त्याच्या कडेला एक उंचच उंच खांब उभा आहे, थर्मामीटरसारखा. त्यावर विक्रम लिहिलाय: १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ. म्हणजे जवळजवळ दहा मीटर. तीन मजली इमारत धरा.

अशा ठिकाणी डिसेंबरअखेर संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. दोन्ही बाजूंना सारखीच झाडं, सगळं पांढरं. ताज्या बर्फात दहा-पंधरा मिनिटांत तुमच्याच गाडीचा माग बुजतो. आणि मोबाइलची रेंज? गावाबाहेर पडलात की बऱ्याच ठिकाणी शून्य. म्हणून जीपीएसचा प्रश्न हा हौसेचा प्रश्न नाही.

तुम्ही नेमके कशाचे पैसे देता?

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. जीपीएसचा सिग्नल फुकट आहे. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि सतत वेळ सांगत असतात. तुमचं यंत्र फक्त ऐकतं. निदान चार उपग्रहांचं ऐकलं की ते स्वतःची जागा काढतं. यासाठी इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. पूर्वी अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं. मे २००० मध्ये ते बंद झालं. तेव्हापासून साधं यंत्रही उघड्या आकाशाखाली काही मीटरच्या आत जागा सांगतं.

म्हणजे काय, तर आठशे डॉलरच्या यंत्राला आणि दीडशेच्या यंत्राला तेच उपग्रह दिसतात. वाट रुंद आहे, तुम्हाला सेंटिमीटरची अचूकता नकोय. मग वरचे सहाशे कशाचे? मोठी रंगीत स्क्रीन, कॅमेरा, गाणी, ब्लूटूथवर मित्रांच्या जागा, असं बरंच काही. वाईट नाही ते. पण यातलं काहीही तुम्हाला घरी आणत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा प्रकार होतो.

मग बघायचं काय? माझ्या हिशेबात चार परीक्षा आहेत: थंडी, हात, डोळा आणि वीज.

पहिली परीक्षा: थंडी

समजा बाहेर उणे १५ सेल्सिअस आहे. तुम्ही ताशी ६० किलोमीटरने चाललाय. वाऱ्यामुळे उघड्या कातडीला ती थंडी उणे ३० सारखी लागते. फोन काही उणे १५ च्या खाली जाणार नाही, वारा वस्तूला हवेपेक्षा गार करू शकत नाही. पण त्या उणे १५ पर्यंत तो फार पटकन पोचतो. आणि ॲपल स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा. बाकीचे फोनही याच जातीची बॅटरी वापरतात.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. बॅटरीत चार्ज असतो, पण ती तो बाहेर द्यायला तयार नसते. फोन ४० टक्के दाखवतो आणि पुढच्या क्षणी पडदा काळा.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही पाच जण होतो. दुपारी चारच्या सुमारास एका गाडीचा पट्टा तुटला. म्हणजे इंजिनाची ताकद मागे पोचवणारा बेल्ट. बदलायला अर्धा तास गेला, तेवढ्यात बर्फ सुरू झाला. सगळ्यात पुढे असलेल्या मित्राने फोन हँडलवर लावला होता. निघताना बघतो तर फोन बंद! दाबून दाबून थकला, काही नाही. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांकडे एक जुनं, दोन सेलचं, ओबडधोबड यंत्र होतं. त्यांनी शांतपणे ते पुढे केलं. सकाळपासूनची आमची वाट त्यात रेघेसारखी उमटलेली होती. ती रेघ धरून आम्ही नऊ मैल मागे आलो. फोन हॉटेलात उबेला ठेवल्यावर आपोआप चालू झाला आणि पुन्हा ३८ टक्के दाखवू लागला. चार्ज होता, पण हवा तेव्हा नव्हता.

आता हँडहेल्ड बघा. उदाहरणासाठी गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स घेऊ. २०१९ साली ते दोनशे डॉलरच्या आसपास बाजारात आलं. कंपनीच्या माहितीनुसार ते उणे २० पर्यंत चालतं, दोन पेन्सिल सेलवर २५ तासांपर्यंत टिकतं आणि पाण्यात पडलं तरी लगेच मरत नाही. हे २५ तास अर्थात उबदार हवेतले. थंडीत कमी धरा. पण कमी झाले तरी एका दिवसाच्या भटकंतीला भरपूर.

इथे एक छोटी पण सोन्यासारखी टिप. सेल साधे अल्कलाइन घेऊ नका, लिथियमचे घ्या. चार्ज होणारे नाहीत, वापरून टाकायचे. अल्कलाइनच्या आत पाण्याचं द्रावण असतं, ते थंडीत गारठतं. लिथियमचे पेन्सिल सेल उणे ४० पर्यंत चालतात. महाग आहेत, पण वजनाला हलके आणि वर्षानुवर्षं टिकतात. आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचा प्रकार 'लिथियम' करा, नाहीतर बॅटरीचा काटा खोटं सांगेल.

दुसरी परीक्षा: हात

स्नोमोबाइलचे हातमोजे म्हणजे उशा असतात, उशा! फोनची टचस्क्रीन बोटातली वीज ओळखते, जाड मोज्यातून तिला काही कळत नाही. मग तुम्ही मोजा काढता. उणे १५ मध्ये दोन मिनिटांत बोटं बधिर. बधिर बोटांनी चेन लागत नाही, हेल्मेटचा पट्टा लागत नाही. वर बर्फाचा थेंब स्क्रीनवर पडला की नकाशा आपोआप कुठेतरी सरकतो.

म्हणून बटणं. दुकानात जाताना स्वतःचे मोजे घेऊन जा. लाजू नका! मोजा घालून तीन कामं करून बघा: यंत्र चालू करणं, नकाशा लहान-मोठा करणं आणि आहे ती जागा खूण म्हणून साठवणं. तिन्ही जमली तर ते यंत्र पास. काही महाग यंत्रांची टचस्क्रीन मोज्यातही चालते, हे खरं. पण आपलं बजेट अडीचशे आहे, हे विसरू नका.

तिसरी परीक्षा: डोळा

इथे मोठ्या स्क्रीनवाले जिंकतात, मान्य. २.२ इंचांची स्क्रीन म्हणजे जुन्या नोकियाची आठवण. पण दोन मुद्दे आहेत.

एक, या यंत्रांची स्क्रीन उन्हाचाच प्रकाश परतवून दाखवते. पांढऱ्या बर्फावर लख्ख ऊन असतं तेव्हा फोन अंधारतो आणि हे छोटं यंत्र उलट जास्त स्पष्ट दिसतं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. चालत्या गाडीवर नकाशा वाचायचाच नाही. ताशी ८० च्या वेगाने तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. तीन सेकंद खाली बघितलंत की ६६ मीटर आंधळे गेलात. वाटा दुहेरी असतात, वळणावर समोरून दुसरी गाडी येऊ शकते. तेव्हा नियम एकच: फाटा आला की कडेला थांबा, बघा, निघा. थांबून बघायचं असेल तर मोठ्या स्क्रीनसाठी पाचशे डॉलर जास्त का द्यायचे?

चौथी परीक्षा: वीज

"पण गाडीवर चार्जिंगचं सॉकेट आहे ना!" असं कोणीतरी म्हणणार. आहे, काही गाड्यांवर. पण कितीतरी जुन्या, दोरी ओढून चालू होणाऱ्या गाड्यांत बॅटरीच नसते. इंजिन चालू तेव्हाच करंट. आणि जीपीएसची खरी गरज कधी पडते? इंजिन बंद पडलं की! गोठलेल्या फोनला चार्जिंग लावणंही त्याच्या बॅटरीला मारक आहे. पॉवर बँक बाहेरच्या बॅगेत ठेवलीत तर तीही गारठते, कारण आत तीच लिथियम-आयन.

पेन्सिल सेलचं सौंदर्य हे की ते कुणाचे मिंधे नाहीत. दोन यंत्रात, दोन खिशात. संपले, बदलले, चालू.

जाता जाता अजून एक. २०२१ मध्ये ॲपलने सूचना काढली होती की मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर करणारी यंत्रणा बिघडू शकते. स्नोमोबाइलचं हँडल मोटारसायकलपेक्षा कमी थरथरतं, असं कोणी म्हणत असेल तर त्याने ती चालवलेली नाही.

नकाशाचं काय?

यंत्र घेतलं म्हणजे वाटा आल्या, असं नाही. बहुतेक यंत्रांत रस्ते, तलाव, डोंगर असतात, पण स्नोमोबाइलच्या वाटा असतीलच असं नाही. यावर तीन उपाय.

पहिला, फुकटचा: ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित नकाशे यंत्रात भरता येतात. दुसरा: त्या त्या राज्याच्या ट्रेलचे तयार नकाशे मेमरी कार्डवर विकत मिळतात. तिसरा, आणि मला सगळ्यात आवडणारा: पेट्रोल पंपावर किंवा स्थानिक क्लबकडे मिळणारा कागदी नकाशा. त्याची बॅटरी संपत नाही.

नकाशा कुठल्या सालचा आहे, ते मात्र नक्की बघा. या वाटांचा बराच भाग खासगी जमिनीतून जातो. जमीनमालकाने परवानगी दिली तर वाट आहे, काढून घेतली तर नाही. मिशिगनमध्ये मोसम १ डिसेंबर ते ३१ मार्च. दरवर्षी कुठे ना कुठे वाट बदलते. पाच वर्षांपूर्वीची रेघ धरून तुम्ही कुणाच्या तरी शेतात घुसलात, तर चिडून तो माणूस पुढच्या वर्षी सगळ्यांचीच वाट बंद करू शकतो. यंत्रातली रेघ आणि झाडावरची पाटी यांत फरक पडला, तर पाटीचं ऐका.

आणि नकाशा नसलेलं यंत्रही अगदीच टाकाऊ नाही बरं का. ईट्रेक्स एसई नावाचं अजून स्वस्त मॉडेल आहे. काळी-पांढरी स्क्रीन, तपशीलवार नकाशा नाही. पण तुम्ही जिथून आलात ती वाट ते साठवतं आणि परत नेतं. कागदी नकाशा सोबत असेल तर नवशिक्याला एवढंही पुरतं.

जुनं घेताना

तिघांत अडीचशे म्हटल्यावर सेकंडहँड हा उत्तम मार्ग आहे. सेलचं झाकण उघडा. आत हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर सेल आत गळलेत, सोडून द्या. प्रत्येक बटण दाबून बघा. झाकणाभोवतीचं रबर तडकलेलं नाही ना, ते बघा. मग बाहेर उघड्यावर नेऊन चालू करा. खूप दिवस बंद असेल किंवा लांबून आलं असेल तर उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतील, धीर धरा. फार जुन्या यंत्रात तारीख चुकीची दिसू शकते. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शून्यावर गेला, त्याचा हा परिणाम. तारीख चुकली म्हणजे जागाही चुकलीच असं नाही. ओळखीच्या चौकात उभं राहून पडताळा करा.

घेतल्यावर त्याला दोरी बांधा. माउंट कितीही भारी असला तरी थरथरीने कधी सोडेल, सांगता येत नाही. बर्फात पडलेलं यंत्र शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

जीपीएस जे सांगत नाही

आता जरा गंभीर होऊ या. जीपीएसला तलाव दिसतो, तलावावरचा बर्फ दिसत नाही. तुम्ही "सरळ तिकडे ने" म्हटलंत तर ते तलावाच्या मधून सरळ रेघ मारेल. त्याच्या लेखी ती फक्त दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट. मिनेसोटा राज्याची सूचना आहे की स्नोमोबाइलसाठी नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान ५ ते ७ इंच हवा. पांढरा, भुसभुशीत बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. खाली झरा असेल, ओढा येऊन मिळत असेल, तर तिथे तो अर्धाही नसू शकतो. क्लबने खुणेच्या काठ्या रोवल्या असतील तर त्यांच्यामधूनच जा. काठ्या नसतील तर वळसा घाला. वळशाला पेट्रोल लागतं, एवढंच.

आणि आता ती दुसरी गोष्ट

सुरुवातीला म्हटलं होतं ना, जास्तीचे पैसे आले तर दुसऱ्या गोष्टीवर घाला? ती गोष्ट म्हणजे हाक मारण्याची सोय.

साधं जीपीएस तुम्हाला सांगतं की तुम्ही कुठे आहात. ते दुसऱ्या कुणालाही सांगत नाही. कितीतरी लोकांचा गैरसमज असतो की "जीपीएस आहे, म्हणजे शोधतील मला." नाही शोधणार! ते फक्त ऐकतं, बोलत नाही.

बोलणारी साधनं तीन. एक, सॅटेलाइट मेसेंजर, उदाहरणार्थ इनरीच. तो इरिडियमच्या उपग्रहांमार्फत मेसेज पाठवतो आणि उत्तरही आणतो. यंत्राचे पैसे वेगळे, वर महिन्याची वर्गणी. दोन, पर्सनल लोकेटर बीकन. वर्गणी नाही, गप्पा नाहीत. कळ दाबली की ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाचा संदेश जातो, बस. अमेरिकेत त्याची नोंदणी मोफत होते, ती न विसरता करा. तीन, तुमच्यापैकी कोणाकडे आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल, तर अमेरिका आणि कॅनडात त्यातून रेंज नसतानाही उपग्रहाद्वारे आपत्कालीन मेसेज जातो. उघडं आकाश लागतं. दाट झाडीत वेळ लागतो.

आता बघा, गणित कसं जुळतं. तुमच्या तिघांकडे मदत मागायचं साधन बहुधा एकच आहे: फोन. तोच फोन तुम्ही हँडलवर गारठवून, थरथरवून, वाट दाखवायला राबवणार? आणि मग ऐन वेळी त्याच्याकडून आशा करणार? शंभर-दीडशे डॉलरचं ते ओबडधोबड यंत्र घ्यायचं ते एवढ्यासाठी. फोनला वाट दाखवता येत नाही म्हणून नव्हे, ऑफलाइन नकाशे भरले की छान येते. पण वाट दाखवायला दुसरा गडी मिळतो, तेव्हा फोन छातीजवळ उबेत राहतो, त्या एका मेसेजसाठी.

आणि तो मेसेज पाठवताना आकडे कसे सांगायचे, हे घरी बसूनच शिकून घ्या. समजा यंत्र म्हणतंय, अक्षांश ४७.४०. म्हणजे ४७ पूर्णांक ४० शतांश अंश, अर्थात ४७ अंश २४ मिनिटं. पण फोनवर तुम्ही घाईत "सत्तेचाळीस, चाळीस" म्हणालात आणि समोरच्याने ४७ अंश ४० मिनिटं लिहून घेतलं, तर? १६ मिनिटांचा फरक. म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर. तुम्ही कीविनॉच्या जंगलात आणि तुम्हाला शोधणारे नकाशावर लेक सुपीरियरच्या पाण्यात! म्हणून "दशांश चिन्ह" हा शब्द उच्चारा, प्रत्येक आकडा सुटा सांगा आणि समोरच्याला परत वाचून दाखवायला सांगा. तिघांच्याही यंत्रांत आणि फोनमध्ये एकच पद्धत लावून ठेवा.

भारतात सुट्टीला येणाऱ्यांसाठी एक ताकीद. सॅटेलाइट मेसेंजर बॅगेत टाकून भारतात आणू नका. परवानगीशिवाय तो इथे बेकायदा आहे आणि विमानतळांवर, अगदी गोव्यातसुद्धा, त्यावरून लोकांना ताब्यात घेतलं गेलंय. इनरीच घरीच, मिशिगनमध्ये.

मग साताऱ्याच्या मित्रा, तुझा हिशेब

जुनं, नीट तपासलेलं बटणांचं हँडहेल्ड: शंभर-सव्वाशे डॉलर. लिथियमच्या पेन्सिल सेलची दोन पाकिटं, माउंट, दोरी: पन्नासच्या आसपास. कागदी नकाशा: जवळजवळ फुकट. उरले सत्तर-ऐंशी. ते खर्चू नकोस. तिघांपैकी कुणाकडे उपग्रहाशी बोलणारा फोन नसेल, तर ते बीकनसाठी बाजूला ठेव आणि बीकन येईपर्यंत गावापासून लांब, एकट्याने जाऊ नका.

पहिल्या दिवशी जंगलात जाऊ नकोस. कॉलेजच्या पार्किंगमध्ये यंत्र चालू कर, गाडीची जागा खूण म्हणून साठव, अर्धा तास गावात फीर आणि मग फक्त यंत्राच्या भरवशावर परत ये. मोजे घालून. तिघांनीही कर, कारण ज्याच्या खिशात यंत्र आहे तोच पडला तर बाकीच्या दोघांना ते चालवता आलं पाहिजे. आणि निघताना रूमवर राहणाऱ्या कुणाला तरी सांग: कुठल्या वाटेने चाललोय, किती वाजेपर्यंत येऊ आणि नाही आलो तर कुणाला फोन कर. यात एक डॉलरही जात नाही. बर्फातलं सगळ्यात परवडणारं साधन हेच.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी कॅनडात, मिनेसोटात, नॉर्वेत, कुठेही बर्फात गाडी हाकत असेल, तर तुम्ही काय वापरता ते व्हॉइस मेसेजमध्ये नक्की सांगा. आणि असं एखादं जुनं ओबडधोबड यंत्र कुणाच्या ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलं असेल, तर तेही कळवा. हॉटनमध्ये तिघं जण वाट बघतायत.

भेटू पुढच्या भागात. उबेत रहा!